आजारपणाची खोली आणि बारावीचे वर्ष

दरवर्षी नीटचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. मध्ये मुलगा किंवा मुलगी, एका बाजूने आई पेढा भरवते आहे, दुसऱ्या बाजूला वडील, आणि मागे क्लासचा भला मोठा फलक. खाली चार ओळींची मुलाखत. रोज किती तास अभ्यास केलास, मोबाइल किती वेळ पाहत होतास, यशाचे श्रेय कोणाला, हे प्रश्न आटोपले की शेवटी विचारतात, डॉक्टर का व्हायचे आहे? उत्तर ठरलेले. समाजाची सेवा करायची आहे. हे उत्तर खोटे असते असे मी म्हणणार नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला खोटे पाडणारा मी कोण? पण ते त्याचे स्वतःचेही नसते. शाळेतल्या निबंधाच्या वहीतून ते सरळ मुलाखतीत आलेले असते, आणि विचारणाऱ्यालाही त्याहून अधिक काही ऐकायचे नसते.

माझी नोकरी बँकेतली. शैक्षणिक कर्जाची नवी योजना २००१ साली आली आणि वैद्यकीय प्रवेशाची पत्रे घेऊन मुले आमच्या टेबलासमोर येऊन बसू लागली. चार लाखांपर्यंत तारण नको, चार ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यावर मालमत्तेचे तारण. शिक्षण संपल्यावर वर्षभराने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यातले जे आधी असेल तेव्हा हप्ते सुरू. अर्जात बापाचे उत्पन्न, शेतीचा सातबारा, बारावीचे गुण, कॉलेजची फी, सगळे भरून घ्यायचे. 'हे शिक्षण का घेता' असा रकाना मात्र आमच्या अर्जात नव्हता. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. कर्ज इच्छेतून फिटत नाही, पगारातून फिटते. तरी मी विचारत असे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असली खोड असायचीच.

बहुतेक मुले बापाच्या तोंडाकडे पाहत, आणि बाप उत्तर देई. एक मुलगी मात्र लक्षात राहिली आहे. २००४ चा पावसाळा होता, मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. औसा तालुक्यातली मुलगी, मामाबरोबर आलेली, चालताना किंचित लंगडत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपली असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या भागातली घरे दगडामातीची, वर जाडजूड माळवद. माळवद खाली आले, त्यात तिची आई गेली आणि हिचा पाय सापडला. हे सगळे मामाने सांगितले. मला वाटले, चला, उत्तर मिळाले. पण मुलगी म्हणाली, "त्याच्यामुळं नाही, साहेब." मग थोडे थांबून तिने सांगितले की तंबूतल्या दवाखान्यात एका डॉक्टरने तिला आधी नाव विचारले, मग पायाला हात लावू का म्हणून विचारले. "त्या दिवशी जो तो मला उचलत होता, ठेवत होता. विचारून हात लावला तो त्यांनी एकट्यांनी."

मी तिच्या अर्जावर शेरा लिहिला तो अर्थात गुणांचा आणि जामिनाचा. पण तिचे ते वाक्य मला आजही विचार करायला लावते. भूकंपात हजारो माणसे गेली, हजारो मुले पोरकी झाली. त्यातली कितीशी डॉक्टर झाली असतील? दुःख पाहिले की माणूस आपोआप दुसऱ्याच्या दुःखावर औषध शोधायला निघतो, हा आपला एक गोड समज आहे. दुःखाने माणूस कडवटही होतो, बधिरही होतो, आणि पुष्कळदा तर काहीच होत नाही, पुढे चालू लागतो. त्या मुलीच्या बाबतीत दुःखाच्या ऐन मध्यावर एका माणसाची वागणूक तिला दिसली. तिला व्हायचे होते ते त्या माणसासारखे.

आपल्याकडे या विषयावर बोलायला लागले की आनंदीबाई जोशांचे नाव निघतेच. श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ च्या कादंबरीने आणि पुढे नाटक-सिनेमांनी ती कथा घरोघर पोचवली. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले, वेळेवर उपचार मिळाले नाहीत, म्हणून तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. कथा खरी आहे, पण फार सरळ करून सांगितली जाते. बायकोला शिकवायचे हे गोपाळरावांचे वेड लग्नापासूनचे, आणि ते किती क्रूर होत असे तेही आनंदीबाईंनीच पत्रात लिहून ठेवले आहे. म्हणजे बाळ जाण्यापूर्वीही घरात पुस्तक होतेच. पुस्तकाला दिशा मिळाली ती त्या दहा दिवसांनी. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची ही मुलगी उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातो हे तिने लोकांना इंग्रजीत समजावून सांगितले. तिचा सारा भर होता तो हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे यावर. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला तिने जे अर्जाचे पत्र लिहिले त्यातही मुद्दा हाच, की आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. स्वतःच्या कुशीतले दुःख घेऊन ती निघाली खरी, पण बोलताना ती दुसऱ्या बायकांविषयी बोलत होती. १८८६ च्या मार्चमध्ये ती एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे ते मूल त्या विषयात असणारच, पण ते शोधावे लागते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली, आणि तिथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, ती पुण्यात क्षयाने गेली. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी मद्रास इलाख्यातल्या तिंडिवनम गावी असाच एक प्रसंग घडला. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली मुलगी. जन्म हिंदुस्थानातला, पण इथला दुष्काळ आणि उपासमार लहानपणी पाहिल्यामुळे आपण या देशात राहायचे नाही, असे तिने पक्के ठरवलेले. आजारी आईसाठी म्हणून ती थोड्या दिवसांकरिता आली होती. एका रात्री एकामागून एक तीन पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका अडलेल्या. तिने सांगितले, माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. तिघांनीही नकार दिला. परपुरुष नको, बाई हवी. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या होत्या. आयडा परत गेली, १८९९ मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर होऊन आली आणि वेल्लोरला १९०० साली एका खाटेने काम सुरू केले. आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज त्यातून उभे राहिले. या गोष्टीतही कामाला लागले ते मृत्यू नव्हेत. मृत्यू तिने लहानपणी ढिगाने पाहिले होते, आणि पाहून ती पळाली होती. या वेळी माणसे तिच्या स्वतःच्या दाराशी आली, तिला हाक मारून गेली, आणि तिच्या हातात काही नव्हते.

सगळ्यांनाच असे काही घडावे लागते असेही नाही. रखमाबाईंचे उदाहरण घ्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वैद्यक रोजचेच. पण त्यांना या वाटेला ढकलले ते न्यायालयाने. नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल मार्च १८८७ मध्ये लागला, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे खटला मिटला. कामा हॉस्पिटलच्या डॉ. ईडिथ पीची यांच्या पाठिंब्याने त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. आधी स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते, म्हणून वैद्यक. त्याने त्यांची सेवा काही उणी ठरत नाही.

आणि माझ्याच टेबलासमोरचा एक मुलगा. २००६ मध्ये त्याला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले होते, "साहेब, मार्क पडले म्हणून." दहा वर्षांनी तो एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून भेटला. कर्ज फेडले होते, त्यामुळे संकोच न करता बोलला. पहिली चार वर्षे परीक्षा देत गेला. मग इंटर्नशिपमध्ये एका रात्री कीटकनाशक प्यायलेला शेतकरी आला. रात्रभर अॅट्रोपिन देत, बाहुल्या बघत हा बसून होता. वॉर्डाबाहेर त्या माणसाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून होता, हातात बापाच्या चपला. कोणी घेऊ लागले तरी देत नव्हता. पहाटे बाप शुद्धीवर आला तेव्हा ह्याने बाहेर जाऊन त्या पोराला सांगितले, चपला आत नेऊन ठेव, लागतील. "तेव्हापासून मला घरी जायची घाई वाटेनाशी झाली," तो म्हणाला. तेव्हा अठराव्या वर्षी ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला बाद करा, असे मी कधीच म्हणणार नाही. काहींचा अनुभव उशिरा येतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. ज्यांचा अनुभव लवकर आलेला असतो, घरातच आलेला असतो, त्यांच्यापासून आपण तो काढून घेऊ लागलो आहोत, आणि तेही त्यांना डॉक्टर करण्यासाठी.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट. आजीला मधुमेह, नजर अधू झालेली. सून-मुलगा नोकरीवर. नातू अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून तिला इन्सुलिन देत असे. फ्रिजच्या दारातून बाटली काढायची, तळहातांत फिरवायची, सुईत बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचे, काल दंडाला दिले असेल तर आज पोटाला. एका दोनशेपानी वहीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर असे दोन रकाने आखलेले. आजी त्याला 'आमचे डॉक्टर' म्हणे, आणि घरातल्या सर्वांना ते इतके पटले की दहावी होताच त्याची कोट्याला रवानगी झाली. वही तशीच राहिली. दोन वर्षांत तो मोजून तीनदा घरी आला. आजीचा पाय चिघळला, मग मूत्रपिंडे थकली. त्याने फोनवर विचारले की सगळे ठीक आहे म्हणून सांगायचे असे घरात ठरले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आजी गेली. त्याला कळवले नाही. ५ मे रोजी परीक्षा झाली, त्या संध्याकाळी वडिलांनी कोट्याला जाऊन सांगितले.

तो रडला नाही, आरडाओरडाही केला नाही. त्याने विचारले, "शेवटी इंजेक्शन कोण देत होतं?" वडील म्हणाले, एक बाई ठेवली होती. त्यावर त्याने विचारले, "ती जागा बदलत होती का?"

हे मला त्याच्या वडिलांनीच सांगितले. सांगताना त्यांचा आवाज ठीक नव्हता. मुलाला प्रवेश मिळाला आहे, चांगल्या ठिकाणी मिळाला आहे. म्हणजे त्यांचा हिशेब बरोबर आला असेच कोणीही म्हणेल.

आणि हा हिशेब मी उडवून लावणार नाही. त्या वर्षी चोवीस लाख मुलांनी परीक्षेला नावे नोंदवली होती आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्या अधिक. त्यातल्या सरकारी, म्हणजे मध्यमवर्गाला परवडतील अशा, साधारण निम्म्या. ७२० पैकी चार गुण इकडचे तिकडे झाले की हजारो मुले पुढे निघून जातात. अशा वेळी आईबापांनी घरातल्या आजारपणाचे दार लावून घेतले तर ते दगडाच्या काळजाचे असतात म्हणून नव्हे. त्यांना भीती वाटते. फक्त एवढेच, की याच दारामागे त्यांच्या मुलाचे डॉक्टर होण्याचे कारण बसलेले असते. पूर्वी हे दार लावताच येत नसे. दोन खोल्यांच्या घरात आजोबांचा दमा सगळ्यांनाच ऐकू येई, आणि अभ्यास करणाऱ्या पोरालाच रात्री उठून गरम पाणी द्यावे लागे. ते दिवस चांगले होते असे मी म्हणत नाही, त्यात हाल फार होते. पण डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला माणूस आजारी पडल्यावर कसा दिसतो, कसा चिडतो, लघवीला न्यायला सांगताना कसा शरमतो, हे सतराव्या वर्षापर्यंत ठाऊक झालेले असे. आता तो देहाची रचना चार पर्यायांतून अचूक ओळखतो, पण घरात कोणी ओकले तर त्याला खोलीबाहेर पाठवतात.

मग प्रवेशाच्या वेळी अनुभव विचारावा का? अनेकजण हे सुचवतात. अमेरिकेत तसे विचारतातच. वैद्यकीय कॉलेजच्या अर्जाबरोबर 'वैद्यकच का' यावर एक निवेदन लिहून द्यावे लागते. माझ्या परिचयाचे एक कुटुंब न्यू जर्सीत आहे. त्यांच्या मुलीने तो अर्ज भरताना पुण्याला आत्याला फोन केला आणि विचारले, आजोबांना आयसीयूत नक्की किती दिवस ठेवले होते? आत्याला आधी बरे वाटले, की पोरीला आजोबांची आठवण झाली. मुलगी वाईट नाही. आजोबांवर तिचा जीव होता. पण ज्या गोष्टीला गुण मिळतात ती गोष्ट माणसे जमवू लागतात, आणि मग आजोबांच्या शेवटच्या आठवड्याचाही उताऱ्यासारखा उपयोग होतो. आपल्याकडे तर अशा निवेदनांचे क्लास निघायला सहा महिनेही लागणार नाहीत. हृदयस्पर्शी अनुभव, नमुने पन्नास, उत्तरांसह.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने थोडी निराळी वाट धरली होती. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा एक वेगळा पेपर असे. नीट आली आणि तो पेपर गेला. मला त्याचे फारसे दुःख नाही, कारण पाठ करून तोही लिहिता येत होता. प्रवेश मिळालेल्या मुलांनी पहिले दिवस आश्रमात काढायचे, तुकडीने एक खेडे दत्तक घ्यायचे आणि तिथल्या घरांत पुन्हा पुन्हा जायचे, ही तिथली खरी शिकवण. देशभरच्या अभ्यासक्रमातही २०१९ पासून पहिल्या वर्षीच विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याची तरतूद झाली, आणि २०२२ मध्ये कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला. कागदावर तरी हे चांगले आहे. गंमत एवढीच वाटते, की ज्याला स्वतःच्या आजीच्या खोलीतून दोन वर्षे बाहेर ठेवले, त्याला कॉलेजात गेल्यावर दुसऱ्याचे कुटुंब दत्तक द्यावे लागते.

सरकारने काय करावे हे सांगायला पुष्कळ लोक आहेत. मला आपल्या घरांविषयी बोलायचे आहे, कारण तिथे कोणाची परवानगी लागत नाही. ज्या घरात अकरावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी आहे आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे, त्या घरात आजारी माणसाचे एक काम तिच्याकडे ठेवावे. सगळे नको, एकच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालणे, गोळ्यांची आठवड्याची डबी भरणे, महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रांगेत उभे राहणे. थेंब घालायला पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटांनी कोणाची रँक गेल्याचे मी ऐकलेले नाही. मूल बाहेरगावी असेल तर निदान फोनवर खरे सांगावे. आजीची क्रिअॅटिनिन किती आहे हे ज्याला पुस्तकात वाचता येते, त्याला ते घरूनही ऐकवता येईल, आणि शेवटची गाडी पकडून तो एक रात्र येऊन गेला तर येऊ द्यावा.

एखादे मूल या कामाला कंटाळेल, नाक मुरडेल, आणि एका संध्याकाळी येऊन सांगेल की मला हे जमणार नाही, मला दुसरे काहीतरी करू द्या. अशा मुलावर रागावू नये. साडेपाच वर्षांची फी, वसतिगृह, मेस आणि त्यावरचे व्याज यांचा तक्ता मी कित्येक वर्षे लोकांना मांडून दिला आहे. त्या मानाने डोळ्यांच्या थेंबांची बाटली फार स्वस्त पडते.